डेबियनचा इन्स्टॉलर जोडलेला प्रिंटर आपोआप का ओळखत नाही?

प्रिंटर यूएसबीने जोडलेला आणि चालू असतानाही डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीचा इन्स्टॉलर (ती संगणकावर बसवणारा प्रोग्राम) त्याची दखल घेत नाही. तो तिथेच ओळखून नेमका हवा तेवढाच ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) का टाकला जात नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे काम इन्स्टॉलरचे नाहीच. छपाईची यंत्रणा बसवायची की नाही एवढेच त्याने विचारावे आणि प्रिंटर शोधण्याचे काम बसवून झालेल्या प्रणालीवर सोडावे.

प्रिंटर सापडणे अवघड असते म्हणून मी असे म्हणत नाही. प्रत्येक यूएसबी उपकरण आपला वर्ग जाहीर करते आणि प्रिंटरचा वर्ग 7 हा ठरलेला आहे. शिवाय बहुतेक प्रिंटर विचारल्यावर निर्माता, मॉडेल आणि आपल्याला कळणाऱ्या आज्ञाभाषा सांगणारी एक ओळख-ओळ परत पाठवतात. इन्स्टॉलरच्या छोट्याशा, केवळ मेमरीत चालणाऱ्या प्रणालीतही हे सारे वाचता येईल. अडचण येते ती त्या ओळखीवरून चालणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचताना. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 घ्या: तो कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट या भाषेत बोलतो आणि कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर डेबियनच्या भांडारात (तयार सॉफ्टवेअर-पॅकेजांच्या साठ्यात) नाही. एचपीच्या लेझरजेट 1020 ला तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) पाठवावे लागते आणि ते मुक्त परवान्याचे नसल्यामुळे मुख्य भांडारात ठेवता येत नाही. अशा वेळी इन्स्टॉलरने ‘प्रिंटर सापडला’ असे सांगूनही कागद कोराच राहील, आणि वापरणाऱ्याची समजूत मात्र काम झाले अशी होईल.

नव्या प्रिंटरांच्या बाबतीत हा प्रश्न बराचसा उरलेलाच नाही. यूएसबीवरूनच आयपीपी ही छपाईची सामायिक, कंपनीनिरपेक्ष भाषा बोलणाऱ्या प्रिंटरांसाठी 2021 मध्ये आलेल्या डेबियन 11 पासून ‘आयपीपी-यूएसबी’ हे पॅकेज कप्स या छपाईच्या यंत्रणेबरोबर सुचवले जाते आणि मॉडेलनुसार वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल जोडल्याक्षणी ही सेवा सुरू होते, मग ती केबल आज जोडा की सहा महिन्यांनी. नेटवर्कवरचे प्रिंटर तर स्वतःच आपले अस्तित्व जाहीर करतात; पण लॅपटॉपवर डेबियन घरी बसवले आणि प्रिंटर कार्यालयात असला, तर इन्स्टॉलरला काय दिसणार?

आपोआप शोधण्याची किंमतही असते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउझ्ड’ या सेवेतील त्रुटी उघड झाल्या. ही सेवा नेटवर्कवरून (यूडीपीच्या 631 क्रमांकाच्या पोर्टवर) कोणीही पाठवलेली प्रिंटरची माहिती खरी मानत होती, आणि त्यातून बनावट प्रिंटर जोडला जाऊन, त्यावर छपाई केल्यास परक्याच्या आज्ञा चालवल्या जाण्याची वाट मोकळी होत होती. छपाईशी संबंध नसलेल्या सर्व्हरवर असली सेवा न विचारता टाकणे मला पटत नाही.

एक अपवाद मी मान्य करतो. इंटरनेट नसलेल्या शाळेत एकसारखी बरीच यंत्रे बसवायची असतील, तर ड्रायव्हर आधीच हाताशी हवा. तिथे प्रीसीड फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेल्या फाइलमध्ये) पॅकेजांची यादी लिहून ठेवावी. प्रिंटर कोणता आहे हे आपल्याला ठाऊकच असते. उपकरणे पाहून पॅकेजे सुचवणारे ‘आयसेनक्राम’ हे साधनही डेबियनमध्ये आहे, मात्र तेही बसवून झालेल्या प्रणालीवर चालवणेच सोयीचे.

आपल्या यंत्रावर आधी जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ (lsusb) आणि मग प्रशासकाच्या अधिकाराने कप्सला सापडलेले प्रिंटर दाखवणारी ‘एलपीइन्फो’ ही आज्ञा ‘व्ही’ पर्यायासह (lpinfo -v) चालवून पाहा. पहिल्या आज्ञेत प्रिंटर दिसतो पण दुसरीत दिसत नाही, असे झाले आणि आयपीपी-यूएसबी बसवलेले असले, तर नेटवर्कवरील सेवांची घोषणा करणारी ‘अवाही’ ही सेवा चालू आहे का ते तपासा, कारण आयपीपी-यूएसबी त्या प्रिंटरची घोषणा अवाहीमार्फतच करते. याच पॅकेजामुळे जुन्या यूएसबी पत्त्यावरची छपाई अचानक बंद पडू शकते, कारण प्रिंटरचा ताबा ते स्वतःकडे घेते. तेव्हा जुनी नोंद काढून नव्या पत्त्यावर प्रिंटर पुन्हा जोडावा.