तयार जोडणीचे कुंपण आणि कठडे: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना कृषी सल्ला

नट-बोल्टने जोडावयाच्या तयार कुंपण-संचांविषयी आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. मोर्शी तालुक्यातील एका संत्रा बागायतदारांनी विचारले आहे की, वेल्डिंगशिवाय उभे राहणारे असे कुंपण काळ्या जमिनीत टिकते काय आणि एकरी किती साहित्य लागते. दारव्हा तालुक्यातील एका ताईंना कठडा नसलेल्या विहिरीभोवती व शेततळ्याभोवती हा संच बसवायचा आहे. नागभीड परिसरातील एका शेतकरी बंधूंनी रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांना अडवण्यासाठी या लोखंडी जाळीतच वीज सोडता येईल काय, अशी विचारणा केली आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण ते जिवाशी संबंधित आहे. खांबावरची किंवा कृषीपंपाची वीज कुंपणात कदापि सोडू नये. जागलीला जाणारा आपलाच माणूस, शेजाऱ्याचा बैल किंवा वाघ यांपैकी कोणाचाही त्यात बळी जाऊ शकतो आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तसेच विद्युत अधिनियम, २००३ खाली गुन्हा दाखल होतो. सौर झटका मशीनची गोष्ट निराळी आहे. ते साधारण सेकंदाला एकदा, अत्यंत अल्प काळाचा झटका देते. मात्र तेही जाळीच्या पॅनलला जोडू नये. त्याच्या तारा इन्सुलेटरवर स्वतंत्र ताणाव्यात आणि अर्थिंगची जागा ओलसर ठेवावी, कारण उन्हाळ्यात माती वाळली की झटका कमजोर पडतो. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाची तरतूद आहे; आपल्या गावाचा समावेश आणि सध्याचे निकष वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावेत.

आता टिकाऊपणाविषयी. तयार संचात छिद्रे पाडलेले खांब, जाळीचे पॅनल, क्लॅम्प, नट-बोल्ट आणि टोप्या येतात, आणि दोन माणसे पाना घेऊन दिवसभरात बरीच लांबी उभी करू शकतात, हे खरे आहे. परंतु ही सारी सोय जमिनीच्या वरची आहे. जमिनीखालचे काम कोणत्याही खोक्यात येत नाही, आणि आपल्याकडे कुंपण पडते ते तिथूनच. भारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या हालचालीत उथळ पुरलेला खांब दरवर्षी थोडा वर उचलला जातो. मी पाहिलेल्या एका शेतात दीड फूट पुरलेल्या खांबांची रांग एकाच पावसाळ्यानंतर कलली होती, आणि पॅनल एकमेकांना बोल्टने बांधलेले असल्यामुळे एका खांबाने शेजारच्या चार खांबांनाही ओढले होते. म्हणून भारी जमिनीत खड्डा किमान अडीच ते तीन फूट खोल घ्यावा, तो तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असावा, म्हणजे फुगणाऱ्या मातीला काँक्रीटचा गठ्ठा वर ढकलता येत नाही. काँक्रीटभोवती उरलेली जागा काळ्या मातीने न भरता मुरमाने ठोकून भरावी. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना तिरपे टेकू द्यावेत. खांबाच्या पायाला चौकोनी पत्रा असलेले संच सिमेंटच्या ओट्यासाठी बनवलेले असतात. ते नुसत्या मातीत बसवू नयेत.

उन्हाळ्यात काँक्रीट सायंकाळी घालावे आणि ओल्या बारदानाने झाकून किमान सात दिवस पाणी द्यावे; त्याआधी पॅनल चढवण्याची घाई करू नये. आपल्याकडील हिवाळी पहाट आणि मे महिन्यातील दुपारचे तापलेले लोखंड यांच्या तापमानातील फरकाने दहा फुटांची आडवी पट्टी सुमारे दोन मिलिमीटर वाढते. म्हणून लांबट छिद्रांचा संच निवडावा आणि दोन पॅनल एकमेकांना अगदी भिडवू नयेत.

साहित्य एकरावरून मोजू नये, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावरून मोजावे. चौरस आकाराच्या एका एकराचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो आणि दहा फुटांवर एक खांब धरला तर ८४ खांब लागतात. परंतु वाटणीत आलेली ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टी हीसुद्धा बरोबर एक एकरच असते, आणि तिचा घेर १,४५२ फूट होतो. म्हणजे तेवढ्याच पिकासाठी खर्च पावणेदोन पटींच्या आसपास जातो. अशा पाच पट्ट्या लागून असतील आणि पाचही भावांनी मिळून बाहेरून एकच कुंपण केले, तर एकूण घेर १,९८० फूट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३९६ फूट येतो. भावकीत बोलणे अवघड जाते याची मला जाणीव आहे, तरीही हा हिशेब एकदा एकत्र बसून करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

चार फुटी पॅनल रोह्यांना अडवत नाही, आणि जाळीखाली वीतभर फट राहिली तर रानडुकरे तेथूनच उकरून आत येतात. तेव्हा पूर्ण वावर वेढण्यासाठी तयार संच महाग पडतो, असे माझे मत आहे. तेथे सिमेंटचे खांब, साखळी जाळी आणि झटका तारेची जोड अधिक उपयोगी ठरते. तयार संचाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते विहीर, शेततळे, रोपवाटिका आणि घराजवळचा भाजीपाला येथे.

दारव्ह्याच्या ताईंनी म्हणूनच योग्य जागा निवडली आहे. विहीर बांधीव असून तिच्यावर सिमेंटचा पक्का कडा असेल, तर पायपत्र्याचा कठडा अँकर बोल्टने तेथे बसवावा, मात्र बोल्ट कड्याच्या किनारीपासून किमान चार-पाच इंच आत असावेत, नाहीतर काँक्रीटची कपची निघते. विहीर कच्ची असेल तर काठावर खांब रोवूच नये, कारण पावसाळ्यात काठ ढासळतो; चार फूट मागे सरकून खांब काँक्रीटमध्ये घ्यावेत. उंची किमान साडेतीन फूट असावी आणि उभ्या सळ्यांमधील अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे, म्हणजे लहान मुलाचे अंग त्यातून जाणार नाही. आडव्या पट्ट्यांचा कठडा मुलांना शिडीसारखा वापरता येतो, म्हणून तो टाळावा. फाटक विहिरीच्या विरुद्ध बाजूला उघडणारे आणि आपोआप बंद होणारे असावे.

शेततळ्याला कागद अंथरलेला असेल तर धोका अधिक आहे, कारण ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कागदाची कड ज्या चरात पुरली आहे, त्या चराच्या बाहेरच खांब घ्यावेत. कुंपण केले तरी चारही बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा.

खरेदी करताना दुकानदाराला जाळीच्या तारेची जाडी मिलिमीटरमध्ये पक्क्या बिलावर लिहून मागावी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, तर १४ गेजची दोन मिलिमीटरची असते. वितळलेल्या जस्तात बुडवलेला मालच घ्यावा, आणि शेतावर कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग लगेच लावावा.

खड्डे खोदण्यापूर्वी धुऱ्याविषयी शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. वहिवाटीची वाट किंवा पांदण रस्ता कुंपणात घेऊ नये; मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तो मोकळा करण्याचा आदेश होऊ शकतो आणि केलेला खर्च वाया जातो. कुंपण नाल्यावरून जात असेल तर तेथे पक्के पॅनल न लावता वरून टांगलेली झुलती जाळी ठेवावी, कारण पुरात वाहून येणारा कचरा पक्क्या जाळीला अडतो आणि पाण्याचा सारा जोर खांबांवर येतो. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली की सर्व बोल्ट एकदा पान्याने पुन्हा आवळावेत आणि प्रत्येक खांब ओळंब्यात आहे काय ते पाहावे.