निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागतोय, आता काय?

प्रश्न : लॅपटॉपचे बायोस अपडेट केले. रीस्टार्टनंतर विंडोज ११ उघडतच नाही. निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी' येते आणि ४८ आकडी की मागते. मी बिटलॉकर कधी लावलेच नव्हते. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. (सांगली)

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. डिस्क बहुधा ठणठणीत आहे, फक्त बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद आहे. तिची किल्ली मदरबोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएमकडे (किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा-भागाकडे) असते, आणि सुरू होताना बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम), सिक्युअर बूट (खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) वगैरेंची नोंद पूर्वीसारखी जुळली तरच टीपीएम ती सोडतो. तुमच्या अपडेटने ती नोंद बदलली.

'लावलेच नव्हते' हेही बरोबर असेल. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होते आणि रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा, डिव्हाइसेसमध्ये हा लॅपटॉप शोधा. तिथे नसेल तर पहिला सेटअप कोणाच्या ईमेलवर झाला ते आठवा : मुलाच्या? दुकानदाराच्या? ऑफिसचे खाते जोडले असेल तर की आयटी विभागाकडे मिळेल.

खात्यात दोन-तीन की दिसल्या तर गोंधळू नका. निळ्या पडद्यावर 'की आयडी' असतो. त्याची पहिली आठ अक्षरे जुळतील तीच की तुमची. ती सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. की कागदावरून उतरवताना चूक झाली असेल, तर नेमका कोणता गट चुकला ते असे भागाकार करून सापडते. आकड्यांची बटणे चालली नाहीत तर एफ१ ते एफ९ म्हणजे १ ते ९ आणि एफ१० म्हणजे शून्य.

आधी बायोसमध्येही एकदा डोकावा. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जाऊन टीपीएम (इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम) किंवा सिक्युअर बूट बंद झालेले असू शकते. पूर्वी चालू होते ते चालू करा. कधीकधी तेवढ्यावरच भागते. 'क्लिअर टीपीएम' मात्र दाबू नका.

की टाकून विंडोज उघडले, पण दर वेळी पुन्हा की मागत असेल, तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही आज्ञा रोमन लिपीत टाइप करा : मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: . रीस्टार्ट करा. संरक्षण आपोआप परत चालू होते आणि नव्या बायोसची नोंद टीपीएममध्ये बसते. पुढच्या बायोस अपडेटआधी हीच आज्ञा द्या. काही अपडेट दोन-तीनदा रीस्टार्ट घेतात, म्हणून शेवटी -रीबूटकाउंट ३ जोडलेले बरे.

की कुठेच सापडली नाही, तर डेटा गेला. ती मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही. 'पैसे द्या, कुलूप तोडून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : असेंबल केलेल्या पीसीत नवा रायझेन प्रोसेसर बसवला. आता सुरू करताना 'एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन' असे विचारते. (ठाणे)

उत्तर : रिकव्हरी की हातात नसेल तर एन. वाय दाबले की त्यातल्या किल्ल्या पुसल्या जातात. की नसेलच, तर जुना प्रोसेसर परत बसवा, विंडोज उघडा, कीची प्रत पेनड्राइव्हवर किंवा कागदावर घ्या, वरच्या आज्ञेने बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरते बंद) करा आणि मगच प्रोसेसर बदला.

प्रश्न : उबुंटूवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन आहे. कर्नल (प्रणालीचा गाभा) अपडेट झाल्यावर पासफ्रेज विचारतच नाही, थेट 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट येतो. (नाशिक)

उत्तर : सुरुवातीच्या छोट्या प्रतिमेत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, डिस्क उघडणारे क्रिप्टसेटअप आलेले नाही. ग्रबच्या (सुरू होतानाच्या मेनूच्या) 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधी जुना कर्नल निवडून पाहा. तो उघडला तर बूट विभागात जागा उरली आहे का तपासा. तो भरला की नवी प्रतिमा अर्धवट राहते. जुने कर्नल काढा आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल चालवा.

जुनाही उघडत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून डिस्क उघडावी लागेल. इथे बहुतेकांची गाडी अडते ती नावावर : क्रिप्टसेटअप ओपन देताना जे नाव द्याल ते क्रिप्टटॅब या, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची यादी असलेल्या फाइलमधल्या पहिल्या रकान्याशी अक्षरशः जुळले पाहिजे. ते वेगळे असेल तर सीएचरूट करून (लाइव्ह यूएसबीवरून तुमच्या उबुंटूत शिरून) नवी प्रतिमा बनवली तरी तिच्यात क्रिप्टसेटअप येत नाही. बूट आणि ईएफआय हे विभागही माउंट करायला विसरू नका. क्रिप्टटॅबमधला यूयूआयडी (विभागाचा ओळखक्रमांक) 'बीएलकेआयडी' या आज्ञेने दाखवलेल्या लक्स, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या, विभागाचाच असावा, आतल्या फाइलसिस्टिमचा नव्हे.

पासफ्रेज विचारते पण स्वीकारत नाही, ही निराळी तक्रार. तिथे बहुधा कीबोर्ड लेआउट बदललेला असतो. पासफ्रेजमधली चिन्हे आधी तपासा.