पुन्हा कॉलेज : आधी टी.सी., मग हजेरी

प्रश्न : वय ३४. दारव्हा तालुक्यात कृषी केंद्रात कामाला आहे. २००९ साली बी.ए. प्रथम वर्ष पास झालो नि घरच्या अडचणीपायी कॉलेज सुटलं. आता रेग्युलर पदवी घेऊन एमपीएससी द्यायची आहे. जुनं वर्ष धरतात का? काम सांभाळून हजेरी भरेल का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ते वर्ष विसरा. आता सगळा कारभार सेमिस्टर आणि क्रेडिटचा (विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या अभ्यासाच्या एककांचा) आहे, आणि क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेले क्रेडिटसुद्धा जास्तीत जास्त ७ वर्षंच टिकतात. बारावीच्या गुणपत्रिकेवर पुन्हा प्रथम वर्षाला बसा. बी.ए., बी.कॉम.ला वय आडवं येत नाही.

आडवा येतो टी.सी., म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. बारावीचा दाखला तुम्ही तेव्हाच जुन्या कॉलेजात जमा केला, म्हणून नव्या कॉलेजला त्याच कॉलेजचा मूळ टी.सी. लागेल. तो मागायला गेलं की राहिलेली फी आणि लायब्ररीचं न परतवलेलं पुस्तक हमखास निघतं. हे काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये बियाण्याची गर्दी लागली की मालक तासभरही सोडणार नाही, आणि प्रवेश नेमके तेव्हाच चालतात. जुनं कॉलेज अमरावती विद्यापीठाचं आणि नवं वर्धा किंवा चंद्रपूरकडचं, असं असेल तर विद्यापीठ बदलतं. मग मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ बदलाचा दाखलाही जुन्या विद्यापीठातून काढा. शिक्षणात पडलेल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र द्याल, त्यात टी.सी.वर लिहिलेल्या कॉलेज सोडल्याच्या तारखेपासूनच खंड दाखवा. दोन कागदांवर दोन साल दिसलं की बाबू फाईल बाजूला ठेवतो.

क्रेडिट ज्या क्रमांकावर जमा होतात तो विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, म्हणजे अपार आयडी, डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून निघतो, त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग किंवा जन्मतारीख गुणपत्रिकेशी जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा.

आता हजेरी. एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरले तर ३३० तास झाले. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणजे त्यातले २४८. बुडवायला हाती उरतात ८२ तास. रोज चार तास वर्ग धरले तर जेमतेम २० दिवस. दुकान पूर्णवेळ असेल तर हे भरत नाही. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज आणि दुपारनंतरचं काम, एवढाच मेळ बसतो. हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी आणि हिवाळी परीक्षेची तयारी ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकत्र येते, तेव्हा ते दिवस मालकाशी आताच बोलून ठेवा. चाचण्या नि असाइनमेंट बुडाले तर अंतर्गत गुण जातात. कामावरचे विद्यार्थी बहुतेक इथंच घसरतात. तिसऱ्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण असतं, ४ क्रेडिटचं, १२० तासांचं. बी.कॉम. घेतलं तर दुकानाचा हिशेब-साठा त्यात बसतो का, हे विभागप्रमुखांना विचारून पहा.

मालक दुपारची वेळ कबूल करत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करा. त्याची पदवी एमपीएससीला चालते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. तीन वर्षांनी तुम्ही ३७ चे व्हाल. खुल्या प्रवर्गात असाल तर एक वर्षही वाया घालवणं परवडणार नाही. मात्र अंतिम वर्षाला असताना पूर्वपरीक्षा देता येते.

प्रश्न : बारावीची गुणपत्रिका हरवली आणि लग्नानंतर नाव बदललं. प्रवेश कोणत्या नावानं घेऊ?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : ताई, गुणपत्रिकेवर जे नाव आहे त्याच नावानं. पदवीवर सासरचं नाव हवंच असेल तर आधी राजपत्रात नावबदल छापून घ्या. दुय्यम गुणपत्रिका नागपूर विभागीय मंडळाकडून मिळेल. पोलिसांत हरवल्याची नोंद करून पावती घ्या, मग तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज द्या. बैठक क्रमांक आठवत नसेल तर तो कॉलेजच्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडतो.