खजिन्यावर बसलेला नायक
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून अमेरिकन कादंबरीकार थिआ हॅरिसन यांच्या ‘ड्रॅगन बाउंड’ या कादंबरीचा परिचय करून दिला होता. माणूस आणि ड्रॅगन अशी दोन्ही रूपे धारण करणारा नायक आणि त्याच्या खजिन्यातून एक पेनी चोरणारी नायिका यांची ही प्रेमकथा आहे. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुक आहे, शंका आहेत आणि बऱ्यापैकी नाराजीही आहे. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या नायिकेच्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते. ‘ड्रॅगन शिफ्टर’ हा प्रकार त्यांच्याहून वेगळा कसा? — एक वाचिका, नाशिक

स्वारांच्या कथांची परंपरा स्वतंत्र आहे. अ‍ॅन मॅकॅफ्री यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्न नावाच्या ग्रहावरील ड्रॅगनस्वारांच्या कथा लिहायला सुरुवात केली, आणि आज गाजणाऱ्या अनेक कादंबऱ्या त्याच वाटेने आल्या आहेत. त्यांत ड्रॅगन हा सोबती असतो, युद्धातला सहकारी असतो, कधी नायिकेच्या मनातले बोलणारा मित्रही असतो. परंतु नायिकेचे प्रेम जडते ते दुसऱ्या एखाद्या माणसावर. शिफ्टर म्हणजे रूप बदलणारा; त्याच्या कथेत मात्र ड्रॅगन हाच नायक असतो. दिवसा तो सूट घालून कचेरीत बसतो आणि प्रसंग पडला की पंख पसरून आकाशात झेपावतो.

हा प्रकार पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अलौकिक पात्रांच्या प्रेमकथा, या शाखेत मोडतो. केटी मॅकअ‍ॅलिस्टर यांच्या ‘यू स्ले मी’ (२००४) या कादंबरीत आजच्या पॅरिसमध्ये माणसाच्या रूपात वावरणारे ड्रॅगन भेटतात. जी. ए. एकेन यांच्या ‘ड्रॅगन अ‍ॅक्चुअली’ (२००८) मध्ये तलवारी आणि राज्ये असलेले काल्पनिक जग आहे. ‘ड्रॅगन बाउंड’ २०११ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतील प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेचा रिटा पुरस्कार मिळाला. या शाखेचे दोन नियम कोणीही मोडत नाही: प्रेमकथा मध्यभागी असली पाहिजे आणि शेवट आशादायक असला पाहिजे. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे वाचकाचे सारे लक्ष ‘काय होणार’ याऐवजी ‘कसे होणार’ याकडे लागते.

लांडगा, वाघ, अस्वल असे शिफ्टर असताना वाचकांना ड्रॅगनचेच एवढे आकर्षण का? ड्रॅगन तर अस्तित्वातच नाही. — एक वाचक, सांगली

ड्रॅगन अस्तित्वात नाही, ही लेखिकेच्या दृष्टीने मोठी सोय आहे. लांडग्याविषयी आपल्याला बरेच काही ठाऊक असते. तो कळपाने राहतो, त्याची हद्द असते, त्याच्यात श्रेणी असतात. त्यामुळे लांडग्याची कथा बहुधा कळपाची, म्हणजे समाजात आपली जागा शोधण्याची कथा होते. ड्रॅगन एकटा असतो, हजारो वर्षे जगतो, बोलतो, विचार करतो आणि साठवतो. यांतली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

युरोपातील जुन्या कथांमध्ये ड्रॅगन आणि खजिना यांची गाठ पक्की आहे. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या व्होल्सुंगांच्या गाथेत फाफनीर सोन्यासाठी स्वतःच्या बापाला मारतो, त्या सोन्यावर जाऊन पडून राहतो आणि ड्रॅगन होतो. हे रूपांतर लोभातून घडलेले आहे. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो आणि तो त्या धनात जीव अडकलेला एखादा पूर्वज असतो, अशी समजूत गावोगाव ऐकायला मिळते. तेव्हा मराठी वाचकाला फाफनीर परका वाटण्याचे कारण नाही. अशा जुन्या कथांत या प्राण्याचे काम बहुधा ठरलेले होते: खजिना राखायचा आणि वीराच्या हातून मरायचे.

प्रेमकादंबरीकारांनी यात केलेला बदल मला विलक्षण चतुर वाटतो. त्यांनी ड्रॅगनचा लोभ काढून टाकला नाही, तर त्याला लक्ष देण्याच्या शक्तीचे रूप दिले. ‘ड्रॅगन बाउंड’मध्ये ड्रॅगोस हा न्यूयॉर्कमधून आपल्या रूपधारी प्रजेवर राज्य करणारा अतिश्रीमंत, अतिप्राचीन ड्रॅगन आहे. पिया या तरुणीला तिचा जुना प्रियकर तिचे गुपित फोडण्याची धमकी देऊन चोरी करायला भाग पाडतो, आणि ती खजिन्यातली किमती रत्ने सोडून फक्त एक पेनी उचलते. एवढ्या संपत्तीतली एक पेनी गेल्याचे ड्रॅगोसला कळते आणि त्याच्या संतापाने शहर हादरते. वाचकाला येथे हसू येते, पण त्याच वेळी मनात एक गणित सुरू होते: ज्याला एक पेनी हरवलेली कळते, त्याला आपले माणूस दुखावलेले न कळणे शक्य नाही. आपल्या असण्याची आणि नसण्याची कोणी तरी इतक्या बारकाईने नोंद घ्यावी, ही इच्छा फार साधी आहे, आणि माझ्या मते या कथांचा सारा आनंद तिच्यावर उभा आहे. उरलेले पंख आणि ज्वाळा हा त्या इच्छेचा थाट आहे.

दुसरे कारण विनोदाचे आहे. राज्ये उठताना आणि बुडताना पाहिलेल्या जिवाला ‘माझे चुकले’ एवढे म्हणता येत नाही, ही परिस्थितीच हास्यास्पद आहे. जी. ए. एकेन यांनी हा धागा सर्वांत मोकळेपणाने वापरला. त्यांच्या कादंबऱ्यांतील ड्रॅगन भावंडे एकमेकांशी अशी भांडतात की दिवाळीला एकत्र जमलेल्या कोणत्याही मोठ्या घरातल्या माणसांना ती ओळखीची वाटावीत, आणि त्यांच्या नायिका नायकाच्या ज्वाळांना भिण्याऐवजी स्वतःच तलवार घेऊन उभ्या राहतात.

आपण केलेले कौतुक मला पटले नाही. श्रीमंत, रागीट, ‘तू माझी आहेस’ असे बजावणारा नायक आपण जुन्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत पुष्कळ पाहिला. त्याला पंख लावल्याने तो नवा होतो का? शिवाय ‘नियतीने ठरवलेला जोडीदार’ म्हटले की मुलीच्या नकाराला अर्थच उरत नाही. — एक प्राध्यापिका, पुणे

आपला आक्षेप अर्धा मान्य आहे. नायकाचे जुने घराणे तेच आहे, आणि त्याचा एक गमतीदार पुरावाही देता येतो. थिआ हॅरिसन हे लेखननाम आहे आणि ते घेण्याआधी, १९८० आणि १९९० च्या दशकांत, याच लेखिकेने अमांडा कार्पेंटर या नावाने मिल्स अँड बूनसाठी कादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्या काळी पुण्या-मुंबईच्या भाडोत्री वाचनालयांतून ही पुस्तके पिशव्या भरून नेणाऱ्या वाचकांपैकी काहींनी ती वाचलीही असतील.

नियतीने ठरवलेल्या जोडीदाराची कल्पना या शाखेतील सर्वांत आळशी क्लृप्ती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वासावरून किंवा अंगावर उमटलेल्या खुणेवरून जोडीदार ओळखला की लेखिकेला प्रेम जुळवण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत, आणि अशा कादंबऱ्या ढिगाने निघतात. परंतु चांगल्या लेखिका नेमक्या येथेच थांबून काम करतात. त्यांच्या कथेत नियती फक्त ओळख करून देते; होकार मात्र नायकाला मिळवावा लागतो आणि त्यासाठी आपली सवय, आपली हुकमत, कधी आपले गुपितही सोडावे लागते.

ही मांडणी आजची नाही. फ्रेंच लेखिका मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये लिहिलेल्या सुंदरी आणि पशूच्या मूळ दीर्घकथेत पशूला हत्तीसारखी सोंड आहे आणि चालताना त्याच्या अंगावरचे खवले खणखणतात. म्हणजे चित्रांतून आपल्या ओळखीच्या झालेल्या केसाळ पशूपेक्षा तो ड्रॅगनच्याच अधिक जवळचा आहे. हा महाकाय प्राणी रोज रात्री सुंदरीला आपला स्वीकार करशील का, हा एकच प्रश्न विचारतो, रोज नकार ऐकतो आणि निघून जातो. सामर्थ्य पूर्ण हाताशी असून ते न वापरणे, हे ज्या कथेत दिसते ती कथा मला हुकूमशहा नायकाची वाटत नाही. ज्या कादंबरीत हे दिसत नाही, ती आपण खुशाल मिटून ठेवावी. माझी तक्रार नाही.

एवढा मोठा प्राणी उडू शकेल का? आणि रूप बदलताना त्याच्या कपड्यांचे काय होते? — इयत्ता बारावीतील एक विद्यार्थी, अकोला

पहिल्या प्रश्नाचे भौतिकशास्त्रीय उत्तर नाही असे आहे. आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या केट्झालकोॲटलस या उडत्या सरीसृपाच्या पंखांचा विस्तार १० मीटरच्या घरात होता आणि त्याचे वजन २०० ते २५० किलो असावे, असा आज सर्वसाधारण अंदाज आहे. इमारतीएवढा ड्रॅगन या हिशेबात बसत नाही, म्हणून सर्व लेखिका मुकाट्याने जादूचा आधार घेतात.

दुसरा प्रश्न आपल्याला वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. काही लेखिकांचे नायक कपड्यांसह बदलतात, तर काहींच्या कथांत कपडे फाटतात आणि नंतरचा संकोच ही प्रेमकथेची सामग्री होते. वाचक यांपैकी काहीही मान्य करतात. मात्र तिसऱ्या प्रकरणात घातलेला नियम विसाव्या प्रकरणात सोयीसाठी मोडला तर ते लेखिकेला क्षमा करत नाहीत.

आपल्या साहित्यात असे काही आहे का? मराठीत ड्रॅगन शिफ्टर कथा लिहिता येईल का? — एक नवलेखिका, सावंतवाडी

पंचतंत्राच्या काही पाठांत सापाशी लग्न झालेल्या मुलीची गोष्ट येते. निपुत्रिक ब्राह्मण दांपत्याला साप हाच मुलगा होतो, आई त्याला मायेने वाढवते आणि बाप हट्टाने त्याच्यासाठी वधू आणतो. लोक मुलीला परावृत्त करू पाहतात, पण दिलेला शब्द मोडणे तिला मान्य नसते. एका रात्री तिच्या खोलीत अनोळखी पुरुष दिसतो, तेव्हा ती घाबरून दाराकडे धावते. तो मात्र तिला अडवत नाही, तर पेटीत टाकलेल्या कातीत पुन्हा शिरून आणि पुन्हा बाहेर येऊन आपणच तिचा नवरा असल्याचे दाखवतो. सकाळी बाप ती कात जाळतो आणि मुलगा कायमचा माणूस होतो. नायिकेने खात्री मागावी आणि नायकाने ती द्यावी, हा प्रसंग आजच्या कोणत्याही कादंबरीत जसाच्या तसा शोभेल. महाभारताच्या आदिपर्वात तर उलूपी ही नागकन्या गंगेत स्नानाला उतरलेल्या अर्जुनाला स्वतःच ओढून नेते आणि त्याच्या ब्रह्मचर्यव्रतावर युक्तिवाद करून त्याला राजी करते.

तेव्हा मराठीत लिहिताना परदेशी ड्रॅगन आयात करण्याची गरज मला वाटत नाही. आपण सावंतवाडीच्या आहात. कोकणात आणि गोव्यात राखणदाराची कल्पना आजही जिवंत आहे, आणि जागेची राखण करणारा तो नागाच्या रूपात दिसतो, असे सांगणारी माणसे आपल्या आसपास असतील. अशा राखणदाराला नायक करा. त्याचा खजिना सोन्याच्या नाण्यांचाच असला पाहिजे असे नाही. एखादी बावडी, एखादी देवराई, भाऊबंदकीत अडकलेली आणि सातबाऱ्यावर बारा नावे असलेली एखादी बाग त्याने चारशे वर्षे सांभाळलेली असू शकते, आणि नायिका त्यातला आपला वाटा विकायला मुंबईहून आलेली असू शकते. त्याला काय राखायचे आहे हे आधी ठरवा. त्यावरून त्याचा स्वभाव, त्याचा राग आणि शेवटी त्याने काय सोडायचे, हे तिन्ही ठरेल. एकच सावधगिरी सुचवतो: दूरचित्रवाणीवरील इच्छाधारी नागिणींच्या मालिकांमुळे वाचकाच्या मनात सूडाची कथा आधीच तयार असते, त्यामुळे पहिल्या काही पानांतच आपली कथा प्रेमाची आहे हे त्याला कळले पाहिजे.

या कादंबऱ्यांच्या मालिका संपतच नाहीत. यामागे केवळ धंदा आहे का, आणि सुरुवात कोठून करावी? — एक वाचिका, ठाणे

धंदा आहेच. अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणी योजनेत २०१५ पासून लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात. साहजिकच तेथील स्वयंप्रकाशित लेखिकांना वाचक एकाच मालिकेत गुंतून राहिलेला परवडतो. पण वाचकांची मागणीही खरी आहे. लग्नानंतर या जोडप्याचे काय झाले, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. हॅरिसन यांनी ड्रॅगोस आणि पिया यांच्यावर पुढे छोट्या कथाही लिहिल्या. त्यांतल्या एका कथेत हा सर्वशक्तिमान ड्रॅगन बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन सुटीवर जातो, आणि मला ती कित्येक युद्धप्रसंगांपेक्षा अधिक वाचनीय वाटली.

गंभीर कथानक हवे असेल तर ‘ड्रॅगन बाउंड’पासून, हसायचे असेल तर एकेन यांच्यापासून, आणि आजच्या शहरातली हलकीफुलकी रहस्यकथा हवी असेल तर मॅकअ‍ॅलिस्टर यांच्यापासून सुरुवात करावी. तिन्ही ठिकाणी मालिकेतील पहिले पुस्तकच आधी घ्यावे, कारण पुढच्या पुस्तकांत मागची नाती गृहीत धरलेली असतात. आपण पत्रात नववीतल्या भाचीचा उल्लेख केला आहे. ही पुस्तके प्रौढ वाचकांसाठी लिहिलेली आहेत आणि त्यांतील शृंगाराची वर्णने मोकळी आहेत, तेव्हा तिच्या हाती ती आताच देऊ नयेत. मॅकॅफ्री यांच्या पर्नमालिकेत खास किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या, हार्पर हॉल या संगीतशाळेभोवती घडणाऱ्या कादंबऱ्या आहेत, त्या तिला चालतील.