‘वादग्रस्त, पण वाखाणलेली’: इथे ‘पण’ हवे की ‘म्हणून’?

प्रश्न नाशिकच्या एका वाचनगटाकडून आला आहे. सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘वादग्रस्त, पण समीक्षकांनी वाखाणलेली’ असे छापलेले आहे. गटातल्या काहींचे म्हणणे, तिथे ‘म्हणून’ हवे होते, कारण वाद झाल्याशिवाय समीक्षक पुस्तक वाखाणतच नाहीत. त्याला जोडून दुसरी शंका: ‘अतिवास्तव’ (इंग्रजीत सर्रिअल) चित्रपटांची स्तुती खरी असते, की काही कळले नाही हे सांगायचे टाळण्यासाठी केलेली असते?

माझ्या मते ‘पण’ही नको आणि ‘म्हणून’ही नको. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही, तर त्या जोडायच्या कशाला?

‘ग्रस्त’मधला ग्रस् धातू गिळण्याचा. त्यातूनच ग्रास, आणि आपला रोजचा घास. सूर्य पूर्ण गिळला गेला की खग्रास ग्रहण. ग्रहण लागलेल्या अवस्थेतच चंद्र उगवला तर पंचांग त्याला ‘ग्रस्तोदित’ म्हणते. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्जग्रस्त हे शब्द पाहा. ‘ग्रस्त’ लागले की त्या वस्तूवर बाहेरून काय कोसळले एवढेच कळते, तिचा गुण कळत नाही. गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढून भांडी बाजारात शिरले, तर दुकान पूरग्रस्त होते. आतली भांडी चांगली की वाईट, ते पुरावरून कसे ठरवणार?

न्यायालयाने हे फार नेमके ओळखले होते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. निकालाचा आशय असा की, कथा फार वरच्या वाङ्मयीन दर्जाची नसेलही, पण ती अश्लील नाही. आरोपातून सुटणे वेगळे आणि गुणवत्ता वेगळी, हे समीक्षकांच्या आधी न्यायमूर्तींनी लिहून ठेवले, याचे मला मोठे अप्रूप आहे. दुसरे उदाहरण ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’चे. ती छापणारी संस्था १९६० मध्ये इंग्लंडात निर्दोष सुटली, आणि तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली. कादंबरी एकच. वाद हा गुणवत्तेचा पुरावा असता, तर तिची गुणवत्ता देश बदलताच बदलली असे म्हणावे लागेल.

आता ‘वाखाणणे’. मला या प्रश्नातला सर्वांत मोलाचा शब्द हाच वाटतो. तो ‘व्याख्यान’वरून आला, हिंदीतले बखान आणि गुजरातीतले वखाण त्याचेच भाऊबंद. म्हणजे मुळात वाखाणणे म्हणजे उलगडून सांगणे. याच्या शेजारी ‘टीका’ ठेवा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, म्हणजे तिचा अर्थ उलगडणारी. समजावून सांगण्याच्या एकाच कामाला दोन नावे होती. एक घसरत दोष काढण्याकडे गेले, दुसरे स्तुतीकडे. मधले समजावणे दोन्हीकडून गळाले. तुमच्या गटाला जी समीक्षा खटकते, तिच्यात नेमके तेच गळालेले असते. ‘धाडसी’, ‘अस्वस्थ करणारी’, ‘चाकोरीबाहेरची’ असली विशेषणे वाचून कादंबरीतले एकही पान उलगडत नाही.

भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ ची. तिच्यावर गदारोळ झाला, आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली. तो वाद विसरून ती आज वाचली, तरी नाक्यावरच्या पोरांची बोली कानात घुमते. ही बोली इथे लेखकाच्या निवेदनाने झाकलेली नाही, त्या पोरांतला पोक्या स्वतःच सांगतो आहे. भाषा सुधारून दिली असती, तर माणसेही खोटी झाली असती. मी ‘वासूनाका’ वाखाणतो ती यासाठी.

‘अतिवास्तव’कडे वळू. फ्रेंचमधला मूळ शब्द कवी अपोलिनेरने १९१७ मध्ये घडवला, आणि १९२४ मध्ये आंद्रे ब्रतोंने जाहीरनामा लिहून त्याला चळवळीचे रूप दिले. स्वप्न आणि जागेपण यांचे एका वेगळ्या वास्तवात मीलन व्हावे, हा त्याचा आग्रह. मराठीत अडचण ‘अति’ची आहे. अतींद्रिय, अतिक्रमण यांत तो ओलांडण्याचा अर्थ देतो. अतिवृष्टी, अतिरेक यांत प्रमाण सुटल्याचा. आपल्या कानाला दुसरा जवळचा, म्हणून ‘अतिवास्तव’ हे ‘फारच वास्तव’ असे ऐकू येते. तो शब्द अतींद्रियच्या चालीवर घ्यावा. आणि प्रत्येक चमत्कृतीला तो लावू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजतो, ते अद्भुत आहे, कारण त्या चमत्काराला कथेचा आधार आहे.

लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांचा १९२९ चा छोटा मूकपट ‘अं शियँ आंदालू’ मात्र खरा अतिवास्तव. ज्या प्रतिमेचे तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती घ्यायचीच नाही, असा दोघांचा नियम होता. पहिल्या खेळाला दंगा होईल म्हणून बुन्युएलने खिशात दगड भरून नेले होते, असे त्याने स्वतः लिहिले आहे. दंगा झाला नाही, टाळ्या पडल्या. त्याच वर्षी पटकथा छापताना, हा चित्रपट सुंदर आणि काव्यमय मानणाऱ्या गर्दीवर तो भडकला. म्हणजे तुमच्या गटाची शंका खुद्द दिग्दर्शकालाही होती!

तरी तो वाखाणण्याजोगा आहेच. मध्येच पाटी येते, ‘आठ वर्षांनंतर’, आणि कथा पुढे सरकल्याचा कुठलाही माग पडद्यावर दिसत नाही. पुढे ‘पहाटे तीनच्या सुमारास’, मग ‘सोळा वर्षांपूर्वी’. कथापटाची सगळी व्यवस्था जागेवर आहे आणि खाली कथाच नाही. पाटी दिसली की आपण काळ सरकल्याचे किती मुकाट्याने मान्य करतो, हे त्या पाट्या उघडे पाडतात. हे एकदा ध्यानात आले की विचित्रपणा हा विचित्रपणासाठी राहत नाही. ज्या चित्रपटाबद्दल एवढेही सांगता येत नाही, त्याची स्तुती मी मानत नाही.

राहिले मलपृष्ठ. तुम्हाला कादंबरीच्या थोरवीविषयी शंका आहे, तर त्यासाठी ‘विवाद्य’ हा शब्द आहे. ज्यावर वाद होऊन गेला ते पुस्तक वादग्रस्त. जिच्यावर वाद घालायला जागा आहे ती थोरवी विवाद्य. तुमची कादंबरी मी वाचलेली नाही, म्हणून तिच्या थोरवीवर बोलत नाही. पण मलपृष्ठावरचे ‘पण’ खोडून तिथे पूर्णविराम द्या आणि पुढचे वाक्य ‘समीक्षकांनी तिच्यातले अमुक वाखाणले’ असे करा. त्या ‘अमुक’च्या जागी काय लिहायचे, ते तुमच्या गटाने कादंबरी वाचूनच ठरवायचे आहे.