अमेरिकेत डॉक्टरांचं ऑफिस सांभाळायचं असेल तर

ताई, नाशिकच्या नर्सिंग होममध्ये टीपीए डेस्क (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेशी व्यवहार) आणि हिशेब सांभाळलेत, आता मिस्टरांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर न्यू जर्सीला येताय, आणि इथे क्लिनिकमध्ये प्रॅक्टिस मॅनेजरचं काम जमेल का, असं विचारलंय. जमेल. पण आधी परवानगीचं बघा. एच-४ वर आपोआप नोकरी करता येत नाही. साधारणपणे मिस्टरांची आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका) मंजूर झाली की ईएडीचा, म्हणजे काम करण्याच्या परवान्याचा, अर्ज करता येतो. तोवर ओळखीच्या डॉक्टरकडे ‘नुसती मदत’ म्हणूनही बसू नका.

तुमच्याकडे कॅशलेस म्हणजे मुख्यतः ॲडमिशन, ओपीडी रोखीत. इथे साध्या खोकल्याच्या व्हिजिटचाही क्लेम विमा कंपनीकडे जातो: आजाराला आयसीडी-१० कोड, कामाला सीपीटी कोड. जुन्या पेशंटच्या नेहमीच्या व्हिजिटला सीपीटी ९९२१३ किंवा ९९२१४. कोड किती वेळ दिला त्यावरून ठरवला तर पहिल्याला किमान २० मिनिटं, दुसऱ्याला ३०. नाहीतर वैद्यकीय निर्णय किती गुंतागुंतीचा होता त्यावर. सीपीटी १ जानेवारीला बदलतात, आयसीडी १ ऑक्टोबरला. जुना कोड राहिला की क्लेम परत.

खरा पैसा अडकतो तो क्रेडेन्शियलिंगमध्ये, म्हणजे विमा कंपनीने डॉक्टरची पात्रता तपासून त्याला आपल्या यादीत घेण्यात, आणि नवख्या मॅनेजरला हेच उशिरा कळतं. नवीन डॉक्टर रुजू झाला म्हणजे त्याच्या नावाने लगेच बिल लावता येतं असं नाही. त्याचा स्वतःचा एनपीआय (राष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, क्लिनिकच्या ग्रुपचा वेगळा. सीएक्यूएच या विमा कंपन्या वापरतात त्या ऑनलाइन नोंदणीवर डॉक्टरचं प्रोफाइल भरून दर १२० दिवसांनी ‘माहिती बरोबर आहे’ असं पुन्हा कळवावं लागतं. ते राहिलं की विमा कंपनीकडची फाइल तिथेच थांबते. खासगी कंपन्या तीन-चार महिने सहज घेतात आणि बहुतेक जणी मागच्या तारखेपासून पैसे देत नाहीत. मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा) अर्जाच्या आधीच्या जास्तीत जास्त ३० दिवसांचं देते. म्हणून डॉक्टरच्या नोकरीच्या करारावर सही झाली त्याच आठवड्यात अर्ज टाकायचे, रुजू व्हायच्या दिवशी नव्हे.

दुसरी गळती फ्रंट डेस्कवर. अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी विमा चालू आहे का, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी पेशंटने वर्षात स्वतः भरायची रक्कम) किती उरलंय, रेफरल (दुसऱ्या डॉक्टरची शिफारस) किंवा पूर्वमंजुरी लागते का, हे तपासायचं. जानेवारीत तर प्रत्येकाचं कार्ड नव्याने मागा: नोकरी बदललेली असते, बहुतेकांचं डिडक्टिबल शून्यापासून सुरू होतं. जन्मतारखेतला एक आकडा चुकला तरी क्लेम नाकारला जातो, आणि दुरुस्त करून पाठवेपर्यंत मुदत संपू शकते. मेडिकेअरला सेवेच्या तारखेपासून एक वर्ष, पण अनेक खासगी कंपन्यांत ९० ते १८० दिवसच. मुदत हुकली की क्लेम सीओ-२९ या नकाराच्या कोडसह परत येतो. विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरला ती रक्कम पेशंटकडून घेता येत नाही, ती बुडीत धरायची.

आणि एक सवय नाशिकलाच ठेवून या: ‘राहू द्या काका, पैशांचं काय!’ कोपे (व्हिजिटला पेशंटने द्यायचा वाटा) सरसकट सोडणं, विशेषतः मेडिकेअरच्या पेशंटला, हा इथे चांगुलपणा नाही, कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं. खरोखर ऐपत नसेल तर तशी लेखी नोंद करून त्या एका पेशंटपुरतं माफ करता येतं. एरवी तो घ्यायचाच, चांगलं वाटो न वाटो.

ईएडीची वाट बघताना एएपीसी या कोडिंगच्या व्यावसायिक संस्थेच्या सीपीसी (मेडिकल कोडर) परीक्षेचा अभ्यास करा: १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास. अनुभव नसेल तर प्रमाणपत्रापुढे ‘ए’ लागतो, शिकाऊ म्हणून. मॅनेजर व्हायला ही परीक्षा सक्तीची नाही, पण बायोडाटा उघडून बघितला जातो. सुरुवातीला बिलिंग किंवा फ्रंट डेस्कची जागा मिळाली तरी घ्या. थेट मॅनेजर कुणी क्वचितच करतं. ‘टीपीए’ एवढंच लिहू नका, इथे त्यातून तुमचं काम कळणार नाही. पूर्वमंजुरी मिळवणं, नाकारलेल्या क्लेमचा पाठपुरावा, थकीत वसुली, असं फोडून लिहा. मुलाखतीत तुम्हीही विचारा: ९० दिवसांपेक्षा जुनी येणी किती, पहिल्या फेरीत किती क्लेम परत येतात, आणि क्रेडेन्शियलिंग कोण बघतं. शेवटच्याला ‘ज्याला वेळ असेल तो’ असं उत्तर आलं, तर पगार त्या हिशेबाने मागा.