मुलीला ऑनलाइन धमकी आली तर तपास कोण करतं: तालुक्याचं ठाणं, जळगाव, मुंबई की दिल्ली?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की यावल-रावेर भागातली त्यांची भाची दहावीत आहे. इन्स्टाग्रामवर ओळख झालेला कुणीतरी तिचे फोटो पसरवण्याची धमकी देतोय. आता तालुक्याच्या ठाण्यात जावं, जळगावला सायबरकडे जावं, की हे मुंबई-दिल्लीवाल्यांचं काम आहे? आणि मुलीचं नाव गावभर होईल का?

मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, प्रकरणांत 'सहाय्यक व्यक्ती' म्हणून मुलांसोबत काम करते. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं असा माणूस नेमू शकते. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात मुलाबरोबर राहायचं आणि पुढे काय होणार ते त्याला समजेल असं सांगायचं, हे माझं काम. म्हणून जे सांगते ते मुलाच्या बाजूनं पाहिलेलं आहे.

आधी तातडीचं. जे ठाणं जवळ आहे तिथे आजच जा. "हे आमच्याकडे होत नाही, जळगावला जा" असं ऐकावं लागलं तर परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हद्द दुसऱ्याची निघाली तर शून्य क्रमांकानं नोंदवून ती पुढे पाठवायची. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण मुलगी रावेरची, बाप कामाला सुरतेत, फोनचं सिम त्याच्या नावावर आणि धमकी देणारा मध्य प्रदेशात, असं सहज होतं. पोक्सोचं कलम २१ तर असं सांगतं की गुन्ह्याची माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती नोंदवून न घेणाऱ्यालाही तेच लागू आहे. तरीही अडवलं, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा.

आता तपास कोण करतं ते. एकच कुठलं तरी खास पथक येतं आणि सगळं करतं, असं नसतं. फिर्याद तालुक्याच्या ठाण्यात दाखल होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम लागलं की तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, हे त्या कायद्याच्या कलम ७८ मध्ये आहे. मुलांच्या अश्लील चित्रणासाठी लागतं ते कलम ६७ ब. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सोबत पोक्सोची कलमं लागतात. तांत्रिक काम जिल्ह्याच्या ठिकाणचं सायबर पोलीस ठाणं किंवा सायबर कक्ष करतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांखाली येतात, त्यामुळे एका प्रकरणाचे धागे दोन जिल्ह्यांत गेले तर जोडणी तिथून होते. राज्यासाठी महाराष्ट्र सायबर ही राज्य सरकारची यंत्रणा आहे. देशपातळीवर केंद्रीय गृह मंत्रालयाचं भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र आहे. लोक त्याला 'आयफोरसी' म्हणतात. त्याचं उद्घाटन जानेवारी २०२० मध्ये झालं.

धमकी देणाऱ्यापर्यंत पोलीस पोचतात कसे, हे कळलं तर घाई का करायची ते आपोआप कळेल. खात्याचं नाव आणि फोटो खोटा असतो, त्याचा उपयोग नाही. तपासी अधिकारी कंपनीला कायदेशीर नोटीस पाठवून त्या खात्याची नोंदणी कशी झाली आणि कुठल्या वेळी कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटला जोडल्यावर मिळणाऱ्या क्रमांकावरून) ते उघडलं गेलं हे मागवतात. मग तो पत्ता ज्या मोबाईल कंपनीचा आहे तिच्याकडे जावं लागतं. इथे मोठी अडचण असते: मोबाईल इंटरनेटवर एकाच वेळी शेकडो ग्राहक एकच सार्वजनिक आयपी पत्ता वापरत असतात. नेमका माणूस हवा असेल तर सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांकही (त्याच पत्त्यावरची एकेक जोडणी वेगळी ओळखणारा आकडा) लागतो. त्यातून सिम कुणाचं ते निघतं, मग हॅण्डसेट, मग पत्ता. या नोंदी कायम राहत नाहीत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार त्या किमान १८० दिवस ठेवायच्या आहेत. मुलीनं भीतीनं चार महिने कुणाला सांगितलं नाही आणि नंतर दोन महिने घरच्यांनी 'मिटतंय का बघू' म्हणून घालवले, तर हाती लागण्यासारखं फार थोडं उरतं.

कंपनी परदेशी असेल तर खातेदाराची मूळ माहिती सहसा नोटिशीवर मिळू शकते, पण संदेशांचा मजकूर हवा असेल तर दोन देशांमधल्या कायदेशीर सहाय्य कराराची वाट धरावी लागते. ती लांबची वाट आहे. म्हणूनच तुमच्या भाचीच्या फोनमध्ये आज जे संदेश आहेत, तोच सर्वांत जवळचा पुरावा. घाबरून खातं डिलीट करू नका, चॅट पुसू नका, त्याला ब्लॉक करण्याआधी त्याच्या खात्याची लिंक आणि युजरनेम लिहून घ्या. धमकीच्या संदेशांचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. मात्र मुलीचा फोटो स्वतः कुणालाही पाठवू नका. सरांना नको, वकिलाला नको, पोलिसांच्या व्हॉट्सॲपवरही नको. फोनच ठाण्यात घेऊन जा. पंचनाम्यात तो जप्त होईल, सीलबंद होईल, आणि कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (पुरावा बदललेला नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) जोडावं लागेल. फोन बराच काळ परत मिळणार नाही, याची तयारी ठेवा. घरात एकच फोन असेल तर हे जड जातं, पण तपासाला तो लागतोच.

त्यानं पैसे मागितले आणि दिले गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. बँकेतली रक्कम अडवण्याची सोय तिथे आहे आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालं तेच मुळी मुलांच्या आणि स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या मजकुराच्या तक्रारींसाठी. ऑगस्ट २०१९ पासून तिथे सगळ्याच सायबर तक्रारी घेतात. मुलांच्या बाबतीतल्या मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पण तुमच्या प्रकरणात मूल आणि धमकी देणारा दोन्ही समोर आहेत, म्हणून पोर्टलवर भरून थांबू नका, ठाण्यात जाच.

दिल्लीवाले यात कुठे येतात? बऱ्याचदा उलट्या दिशेनं. अमेरिकेत नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन ही १९८४ पासूनची संस्था आहे. तिथल्या कायद्यानुसार कंपन्यांना आपल्या सेवेवर मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर सापडला की तिला कळवावंच लागतं. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०१९ मध्ये या संस्थेशी करार केला. तेव्हापासून भारताशी संबंधित सूचना दिल्लीत येतात, तिथून राज्यांकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे आणि शेवटी एखाद्या तालुक्याच्या ठाण्याकडे. म्हणजे चोपड्यातल्या कुणी असला व्हिडिओ चढवला तर त्याची खबर सातासमुद्रापार जाऊन परत चोपड्याला पोचू शकते. 'आपल्या खेड्यात कोण बघतंय' असं समजणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अनेक देशांत पसरलेली प्रकरणं सीबीआय पाहते. इंटरपोलशी भारताचा अधिकृत संपर्क तिच्यामार्फतच चालतो. मुलांच्या ऑनलाइन शोषणासाठी तिनं २०१९ मध्ये वेगळं युनिट उभारलं. सप्टेंबर २०२२ मधल्या 'मेघचक्र' मोहिमेत अनेक राज्यांत एकाच वेळी झडत्या झाल्या, त्या न्यूझीलंड पोलिसांनी सिंगापूरच्या इंटरपोलमार्फत दिलेल्या माहितीवरून. तुमच्या भाचीच्या प्रकरणात सीबीआयची गरज पडेल असं मला वाटत नाही. माझ्या पाहण्यातल्या प्रकरणांत परदेशी वाटणारं खातं शेवटी ओळखीतल्या माणसाचं निघालेलं आहे, कधी शेजारच्या गावातलं, कधी शाळेतलंच.

इथवर गुन्हेगाराच्या मागे जाणारी बाजू झाली. मुलाला सांभाळणारी बाजू वेगळी आहे, आणि लोक तिच्याबद्दल विचारतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पोक्सोखाली माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांना बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि गणवेशात नाही. तिला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. हे कुणी उपकार म्हणून करत नाही, कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे, म्हणून फिर्याद देतानाच नम्रपणे मागा. समुपदेशनासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलीला प्रमाण मराठीत बोलणं जड जात असेल तर तिला अहिराणीत बोलू द्या. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरांसाठी पावरी किंवा भिली बोलणारा दुभाषा मागता येतो, कायद्यात तशी सोय आहे. आपल्या भाषेत विचारलं की मूल जे सांगतं, ते वहीतल्या मराठीत कधीच येत नाही. घरात आधीच कुणी "कोन्ले सांगू नको" असं बजावलं असेल तर तो दाब आधी काढावा लागतो, आणि ते काम पोलिसांच्या आधी तुमचं, मामा म्हणून किंवा मावशी म्हणून.

फोटो पसरू नयेत यासाठी आणखी एक करता येईल. त्याच अमेरिकी संस्थेची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो त्यांच्याकडे कुणी चढवला तर त्यांना तो ओळखून काढता येतो. व्हॉट्सॲपसारख्या बंद संदेशांत याचा उपयोग होत नाही. फोन जप्तीला देण्याआधी हे करून घ्या, पण फोटो पुसू नका.

धमकी देणाराही अठराच्या आतला निघाला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पुष्कळ नातेवाईक तेव्हा चिडतात. माझं मत असं की त्या मुलालाही कुणीतरी सांभाळायला हवं, पण म्हणून तक्रार मागे घेण्याचा आग्रह मुलीवर धरला जाऊ नये. जातपंचायत, भाऊबंद, 'लग्नाचं वय होत आलंय', या सगळ्याचा रेटा येतो. पोक्सोचा गुन्हा बसून मिटवण्यातला नाही.

नावाबद्दल: पोक्सोच्या कलम २३ नुसार माध्यमांत तिचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, वस्ती, ओळख पटेल असं काहीच छापता-दाखवता येत नाही. सुनावणीही बंद दरवाज्याआड होते. आपल्या भागात गावाचं नाव आणि आडनाव एवढं आलं तरी सगळ्यांना कळतं, म्हणून यूट्यूबवरच्या स्थानिक बातमीवाल्यानं किंवा गावच्या ग्रुपवर कुणी तसं टाकलं तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तपासी अधिकाऱ्याला लगेच दाखवा. ती स्वतंत्र तक्रार होते. आर्थिक मदत आणि पुनर्वसनासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. तुमच्या प्रकरणाला ती लागू होते का ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथे वकीलही मोफत मिळू शकतो.

ठाण्यातून फिर्यादीची प्रत मोफत घेऊन या. कुठल्या टप्प्यावर अडलं तर इथेच खाली लिहा, फक्त मुलीचं किंवा गावाचं नाव लिहू नका. तालुका लिहिलाय तोही प्रश्नातून काढून टाका.